सुटा नग

माझा डावा पाय चार नंबर, उजवा सात.
तिसऱ्या वर्षी आलेल्या तापानं
दोघांच्या वाटण्या करून दिल्या,
डाव्याच्या वाट्याला कमी आलं.

म्हणून चप्पल लाईनीत मी कायम
दोन जोड घेत आले, घालत आले एक.
उरलेल्या दोन जायच्या कॉटखालच्या ट्रंकेत,
कोऱ्या, वेणीसुद्धा न मळलेल्या.
आई म्हणायची, टाकू नकोस, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.
कुणाच्या, ते तिनं सांगितलं नाही.

सातपुत्यांच्या दुकानात हिशेबाला लागले.
धोंडिरामशेठ भला माणूस. म्हणाले,
"तू आत बस. गिऱ्हाइकाम्होरं नको, उगंच दगदग."
दगदग कुणाची, हे मी विचारलं नाही
पहिली दोन वर्षं.

दिवाळीच्या तोंडावर एक जण पायऱ्यांखाली थांबला.
शिरोलीच्या फाउंड्रीतला. उजवा पाय गुडघ्याखाली नाही.
पायऱ्या तीन. तो वर आला नाही.
"डावं तेवढं मिळंल का, नऊ नंबर?"
"जोड फोडत न्हाई आम्ही," शेठ म्हणाले.

खोटं नव्हतं ते.
बिलाच्या मशीनमध्ये तशी जागाच नव्हती.
नग म्हणजे दोन.
माणूस म्हणजे दोन सारखे पाय.

मी आतून उठले.
उजवीचं करकर, डावीचं नुसतं घासणं,
दुकानभर ऐकू गेलं.
"शेठ, एकवीस वर्षं मी चार पायांचे पैसे भरतेय.
हिशेब मीच ठेवते, म्हणून सांगते."

कुणी काही बोललं नाही.
मग सुभाषनगरहून माल घेऊन आलेल्या तानूबाई,
पिशवीचं तोंड सोडता सोडता, कुणाकडं न बघता:
"मी तर एका टायमाला एकच शिवते, मालक.
जोड तुमी लावतायसा."

आता बिलात येतं: सुटा नग, डावा, नऊ.
किंमत अर्धी. त्यावर शेठ आठवडाभर कुरकुरले.
माझं टेबल पुढं आलंय.
पायऱ्या अजून तीनच आहेत, गवंडी तारखा देतोय;
तोवर एक फळी टाकलीय, ती पावसात निसरते,
मी रोज सांगते, ते रोज "व्हय, व्हय" म्हणतात.

ट्रंक मी दुकानात आणली.
डाव्या सातातली एक परवा गेली,
गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेला.
बाकीच्या आहेत अजून.
घाई नाही.
कातडं चांगलं कमावलेलं आहे.