फाटकाबाहेर

देवळाली कॅम्पातली शाळा, साहेबाच्या वेळची.
घंटा तीच. पेटीही तीच,
वरचा सा दाबला की नुसता उसासा टाकणारी.

मी रोज उशिरा.
शलमोनमामा फाटक लावून ओठांवर बोट ठेवायचे.
आत चारशे मुलं इंग्रजीत काहीबाही गायची,
बाहेर आम्हाला कळायचं ते फक्त
शेवटचं आमेन.

मग मौन.
नेमकी तेव्हाच रेंजवर तोफ उडायची,
तावदानं थरथरायची
आणि कुणीतरी फिस्कन हसायचं.

मोठ्या बाई वर्षभर शोधत राहिल्या,
पाचवी अ-पासून एकेक रांग.
फाटकातून मात्र दिसायचे
पेटीमागे हलणारे उजागरेबाईंचे खांदे.

"काय दिसलं रे?" मामा विचारायचे.
"काही नाही."
मग कडी काढायचे,
वहीत नाव न लिहिता.