आधी कंदील

सिनेमावाले हरिपुरात आले ते पेवं शोधत.
महापुरानंतर त्यांत कोणी हळद ठेवत नाही.
तोंडावर फरशी, फरशीवर कचरा, कचऱ्यावर शेळ्या.
दिग्दर्शक म्हणाला, अप्रतिम.
त्याच्या गोष्टीत एक सरकार होतं,
माणसांचं बोलणं पोत्यांत भरून
जमिनीखाली उतरवायचं
आणि वरून शेणामातीनं लिंपून टाकायचं.

मला एकशेचाळीस सदरे शिवायला दिले.
राखाडी, बिनखिशाचे.
खिसा का नको, विचारलं,
तर म्हणे त्या राज्यात कुणाचं स्वतःचं काही नसतं.
मी गावाची मापं घेत फिरले.
बाबालाल मुजावरची छाती हमालीतली,
आता आत गेलेली. अडतीस.
उरलेल्या कापडाचे मी आतून चोरखिसे घातले,
कापड पुरलं तेवढ्यांनाच.

रोज पाचशे रुपये, दुपारी पुलाव.
भोंगा वाजला की सगळ्यांनी मान खाली.
अकरा वेळा घातली, एकदाही कोणी चुकलं नाही.
बाबालालला सांगितलं, काका, चेहरा कोरा ठेवायचा.
तो म्हणाला, ते जमतंय.

मग नायकानं पेवात उडी घ्यायची होती.
कॅमेरा सुरू,
आणि चौथ्या रांगेतनं आवाज आला: थांबा.
आधी कंदील सोडा.

दिग्दर्शक ओरडला. बाबालाल हलला नाही.
बंद पेवातली हवा नासते, म्हणाला,
तिला वास नसतो.
माणूस उतरतो, आणि बसल्यासारखा बसतो.
माझा भाऊ असाच बसला. वरनं दोर ओढला, तर सैल.

कंदील कुणाकडंच नव्हता.
चहाच्या गाड्यावरनं पणती आणली,
डब्यात ठेवली, डबा दोराला बांधला.
दीड पुरुष खाली गेली असेल.
वारा नाही, काही नाही,
ज्योत नुसती नाहीशी झाली.
तेव्हा आम्ही एकशेचाळीस जण गप्प झालो,
कोणी सांगितलं नसताना.

पुढं शाळेच्या मैदानात सिनेमा दाखवला.
पणती त्यात नव्हती.
मी माझ्या कॉलरी ओळखत बसले,
पोरं आपापल्या आयांच्या खाली घातलेल्या माना.
बंदुका होत्या, काटेरी तारा, उंच मनोरे.
आमच्याकडं असलं काही लागत नाही.
आमच्याकडं ग्रामसभेला खुर्च्या रिकाम्या असतात,
तेवढ्यात भागतं.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही,
हे मला पन्नाशीत कळलं.
अर्धा तास चहा, मग नऊ माणसं, नऊ सह्या.
पेवं बुजवून गाळे काढायचा ठराव
असाच झाला, म्हणतात, एका चहात.

ह्या खेपेला गेलो.
शंभर लागतात, एकसष्ट होतो.
ग्रामसेवकानं पेनाच्या टोकानं मोजलं,
मागची रांग दोनदा.
तहकूब, म्हणाला.
शिपाई खुर्च्या एकात एक घालायला लागला.
बाबालालच्या खुर्चीपाशी येऊन थांबला.

परत किती वाजता?
अर्ध्या तासानं.
मग बसतो की.

अंगात तोच राखाडी सदरा,
त्याच्याकडं तेवढाच नवा.
आम्हीही बसलो. कुणीतरी शेंगा काढल्या.
कोष्ट्याची सुशीला उठली, घरी म्हैस आहे म्हणाली,
दारापर्यंत गेली, परत आली.
ग्रामसेवक फोनवर बोलत बाहेर गेला,
आत आला, पुन्हा बाहेर गेला.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी
बाबालालनं सदऱ्यात आत हात घातला.
चारदा घडी घातलेला कागद. अक्षर नातवाचं.
पेवं बुजवायचा ठराव
मांडला कुणी? अनुमोदन कुणाचं?
त्या दिवशीचं हजेरीपुस्तक दाखवा.

त्यानं हळूहळू वाचलं,
दोर हातातनं सोडत जावा तसं,
आणि आम्ही सगळे
किंचित पुढं वाकून बघत होतो.