हातचे सहा

स्मेकालोवाबाई बुटांचं खोकं घेऊन वर आल्या,
तीन जिने, मध्ये एकदा थांबून.
खोक्यात कापूस, कापसात रेल्वेचा झेंडेवाला,
एकास पस्तीस, निळा कोट, बटणंसुद्धा रंगवलेली,
आणि डाव्या बाहीच्या टोकाला काहीच नाही.

"व्हॅक्यूम," त्या म्हणाल्या. "मीच.
पिशवी फाडून वर्तमानपत्रावर ओतली,
चमच्याने धूळ चाळली.
एक मणी मिळाला. तो माझाच निघाला."

ओपावात मला अजून डॉक्टर म्हणतात.
मी डॉक्टर नव्हतो.
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडांसाठी दात ओतले,
तोंडं पाहिली नाहीत, नुसते ठसे.

"मूठ, की उघडा हात?"
"थांब म्हणतो तसा.
बोहुमिल थांब म्हणायचा
तेव्हा त्याची करंगळी आत राहायची."
"पण हा बोहुमिल नाही ना?"
"नाही. तो पोस्टात होता. ही बाहुली त्याने केली, एवढंच."
थोड्या वेळाने: "तरी."

तर मुगाच्या डाळीएवढा हात,
भिंगाखाली, सुईने, करंगळी आत.
नातवाच्या प्लास्टिक विटांची चौकट,
तळाशी चिकणमाती, वर गुलाबी रबर.
रात्रभर ते घट्ट होतं. मी झोपत नाही फारसा,
पण त्याचा रबराशी संबंध नाही.

सकाळी साच्यात टाल्कची चिमूट, फुंकर.
दोन बाटल्यांतून सारखे थेंब,
काडीने ढवळायचं, हलक्या हाताने.
तीन मिनिटं. मग ते कुणाचं ऐकत नाही.
पेला तळव्यात कोमट होतो,
आजारी मुलाच्या कपाळासारखा,
आणि हवा जाता जाता
शेवटी बोटांतच अडकते.

पहिल्याला अंगठा नाही.
दुसऱ्याची दोन बोटं जुळी.
चौथा इतका नेमका उतरला
की देठ कापताना उडाला, गालिच्यात गेला.
मी गुडघे टेकून टॉर्च घेऊन शोधला, जेवण होईपर्यंत
आणि जेवणानंतर.
तेव्हापासून त्या खोलीत झाडलोट नाही.

आठ ओतले. सात उरले. धड एक.

गुरुवारी बाई आल्या, पर्समधून डबी काढली,
गोळ्यांची, सात वारांचे सात कप्पे,
मंगळवारचं झाकण सैल.
धड हात त्यांनी रविवारात ठेवला,
अंगठा नसलेला सोमवारात,
जुळ्या बोटांचा मंगळवारात, झाकण दाबून.
म्हटलं, "बाकीचे टाकून द्या, ते बिघडलेत."
"असू देत. माझं व्हॅक्यूम तेच आहे अजून.
एक लावायचा, हातचे सहा."

"चिकटवून देऊ?"
"आज नको."

त्या उतरू लागल्या. डबी वाजत होती,
खिशात चिंचोके असावेत तशी, पण फार बारीक.
दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबला.
मी दार धरून उभा.

मग पुन्हा वाजली.