फक्की, केळी, इत्यादी

मढवी सरांना मी मैदानावर फारसं पाहिलं नाही.
माझी खिडकी जिन्याकडे उघडते.
एकतीस वर्षं ते मला कागदावरच भेटले:
फक्की, दोन पोती.
केळी, चार डझन.
क्रेप बँडेज, सहा.
ग्लुकोजचे पुडे; दुकानदाराने पावती दिली नाही, सही माझी.

अकाउंट्समध्ये माणूस असाच कळतो,
बेरजेत न बसणाऱ्या सुट्ट्या रुपयांतून.

खाडीकडे पाठ करून बसलेलं आमचं ठाण्यातलं कॉलेज,
ट्रॅक जेमतेम एकशे ऐंशी मीटरचा,
तोही दुसऱ्या वळणावर एका भेंडीच्या झाडाने अडवलेला.
मी नवा होतो तेव्हा त्यांचा अर्ज आला:
फांद्यांसकट झाड तोडणे, अंदाजे नऊशे.
आठवड्याने त्यांनीच तो मागे घेतला.
समासात पेन्सिलीने:
राहू द्या. पोरं वळायला शिकतायत.

पहिली पाच वर्षं प्रवासखर्च शून्य.
प्राचार्य म्हणाले, गुप्ते, हे खातं मिटवून टाकू या का?
मी म्हटलं, मार्चपर्यंत थांबू.
का म्हटलं, ठाऊक नाही.
फक्की मात्र दर वर्षी संपत होती,
म्हणजे कुणीतरी रोज रेघ मारत होतं
आणि कुणीतरी ती पायांनी पुसत होतं.

मग एका जानेवारीत:
कोल्हापूर, मुली चार, स्लीपर, जाऊन-येऊन.
येऊरची सुगंधा वरठा,
कौशाची शबनूर मुकादम,
चेंदणीची रेवती तांडेल,
आणि चौथी, जिचं आडनाव मी बिलावर चुकवलं.
परत आल्यावर ती खिडकीत उभी राहिली, पदक गळ्यात तसंच.
घोन्साल्विस, सर. घ घड्याळाचा.

त्यानंतर माझी लेजर नकाशासारखी झाली.
नागपूर, जबलपूर, पतियाळा, गुवाहाटी.
काचेचं कपाट, एक.
काचेचं कपाट, आणखी एक.
तिसऱ्या वेळी मी म्हटलं, सर, आधीच्यातली धूळ काढा,
जागा होईल.
पुण्याच्या एका कॉलेजने दुप्पट पगार देऊ केला तेव्हा
ना-हरकत दाखल्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतला,
तारीख टाकली नाही.
अजून माझ्या खणात आहे.

एकदाच पाहिलं मी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती,
जेवणाचं बिल रोख भागवायला मला स्टेडियमवर धाडलं होतं.
लाल, गुळगुळीत, चारशे मीटरचा ट्रॅक.
झाड नाही, झाडाची सावलीही नाही.
रिलेत तिसरी मुकादम. वळणावर आली
आणि ऐन वेगात तिचा डावा खांदा खाली गेला,
कुणी फांदी चुकवावी तसा.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं,
बघा, ठाण्याच्या पोरी भूत चुकवतात.
ती वळणातून बाहेर पडली तेव्हा
बाकीच्या सगळ्या तिच्या मागे होत्या.
मी सरांकडे पाहिलं. हातातलं घड्याळ ते विसरले होते,
आणि कडेला, गवतात,
तेही तसेच झुकले होते.

गेल्या वर्षी मैदानावर नवी इमारत आली, उरलेल्यात पार्किंग.
झाड तोडणे, बेचाळीस हजार पाचशे.
समितीचे सदस्य म्हणून सरांची सही आहे त्यावर,
एरवीपेक्षा लहान.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी खिडकीत चिठ्ठी आली:
फक्की, एक पोतं.
मी म्हटलं, सर, आता कशाला?
म्हणाले, गुप्ते, लिहा.
लिहिलं.

सकाळी पार्किंगच्या डांबरावर
एक पांढरी रेघ होती,
स्कूटरींच्या खालून, प्राचार्यांच्या गाडीच्या खालून गेलेली,
आणि एका जागी, काहीच नव्हतं तिथे,
हलकेच आत वळलेली.

ऑडिटरने लाल शाईत विचारलंय:
मैदान नसताना फक्कीचे प्रयोजन काय?
खुलाशाला पंधरा दिवसांची मुदत.
आज चौदावा.