साडेपाचची फेरीबोट

इंजिनाच्या धडधडाटात ती ओरडूनच बोलत होती,
मीही ओरडून हो हो म्हणत होते.
चोडणचा धक्का जवळ आला, इंजिन मंदावलं,
आणि त्या नेमक्या शांततेत
माझ्या पावणेपाच वर्षांच्या मुलीचं वाक्य
अख्खंच्या अख्खं फेरीबोटभर पसरलं:
"आई, त्या आजोबांच्या गळ्याला भोक का आहे?"

सगळ्यांनी ऐकलं.
हेल्मेट न काढता स्कूटरवर बसलेल्या दोघांनी,
सुंगटांची रिकामी पाटी उपडी घालून टेकलेल्या बाईने,
हसू दाबणाऱ्या शाळेच्या पोरांनी.
मी काय केलं ते मात्र कुणी पाहिलं नसावं.
तिच्या मांडीला चिमटा काढला,
"श्श, असं विचारायचं नसतं," म्हटलं,
आणि पाण्याकडे बघू लागले.
पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं.
कांदळवन होतं, ते रोजच असतं.

वर्षभर मी याच फेरीने घरी येते.
वर्षभर ते तिथेच, साखळीपाशी, उभे असतात.
हातात पावांची पिशवी,
गळ्याशी नाडीने बांधलेला पांढरा फडका.
आणि त्यांच्याकडे न बघण्याचा
मी इतका चांगला सराव केला होता
की त्यांचे डोळे घारे आहेत
हे मला त्या दिवशी कळलं.

कारण ते जवळ आले.
खिशातून टॉर्चएवढं यंत्र काढून गळ्याला टेकवलं,
आणि भुंग्याने पाठांतर म्हणावं
तसा एक सपाट आवाज आला:
"ताळो दुयेंत पडलो गो बाये.
दोतोरान काडून उडयलो."

मला वाटलं, आता ही रडणार.
ती म्हणाली, "कुठे टाकला?"

ते जरा घुटमळले.
हे त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं.
"बांबोळेंत," भुंगा म्हणाला.
"मग दुसरा आणायचा ना!"
"हाडला मगो. हो पळय."
आणि यंत्र सरळ तिच्या हातात दिलं.

तिने ते गळ्याला लावलं, पण बोलली आपल्याच आवाजात,
मग दोन आवाज एकमेकांच्या पायात आले.
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
हुबेहूब माझीच खूण, आत्ताच मी केलेली,
पण त्यांची म्हणत होती:
तू नुसते ओठ हलव, त्याला बोलू दे.
तिने ओठ हलवले.
"मृ-ण्म-यी," यंत्र म्हणालं,
आणि त्यांचे खांदे गदगदा हलू लागले.
हसणं यंत्रातून येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

मी घाईने म्हटलं, "सॉरी हां. लहान आहे अजून."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
यंत्र तिच्याकडे होतं,
माझ्या माफीला उत्तर द्यायला
त्यांच्याजवळ त्या क्षणी आवाज नव्हता.
तेवढ्यात फळी धाडकन धक्क्यावर पडली,
स्कूटरी सुरू झाल्या.

रात्री अंघोळ घालताना मांडीवर दोन नखं दिसली.
खोबरेल लावलं.
"चिमटा का काढलास?"
"त्यांना वाईट वाटू नये म्हणून."
"मग मला काढलास तो?"
मी तांब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं,
डोळे मिट म्हटलं. तिने मिटले.

आता ती घरभर फिरते आहे,
टीव्हीचा रिमोट गळ्याला लावून
भुंग्याच्या आवाजात दूध मागते,
भुंग्याच्या आवाजात नको म्हणते.
ही चेष्टा होते का? थांबवावं का?
सासूबाई म्हणतात थांबव,
नवरा म्हणतो विसरेल ती.

त्यांचं नाव कामिल, घर देवळापलीकडच्या वळणावर,
कुत्र्याचं नाव जनरल.
हे सगळं मृण्मयीकडून समजलं.
मी वर्षभर फक्त साखळी पाहिली होती.

उद्या साडेपाचला
त्यांनाच विचारीन रिमोटचं.
इंजिन चालू असतानाच विचारीन बहुतेक,
माझी अजून तेवढीच तयारी आहे.