दुसरा दिवा

रात्री अडीच. शिरोलीतलं दूध संघाचं ऑफिस.
सर्व्हर-रूममध्ये मी, राऊटर,
आणि एसीची गार घरघर.
अंगात भावाचा स्वेटर, मांडीवर लॅपटॉप,
समोर दोन पोर्ट, दोन हिरवे दिवे.
एक वायर जाते पुण्यावरून, एक बेळगाववरून.
दोघींना सारखाच मान द्यायचा,
ओझं वाटून टाकायचं,
असं मी दुपारीच राऊटरला लिहून दिलंय.

गेल्या महिन्यात हायवेवर जेसीबीने फायबर उचकटली
आणि नऊ तास दोनशे साठ गावांचं दूध
दर न लागता कॅनमध्ये बसून राहिलं.
त्या दिवशी फोनवर ऐकलेल्या शिव्या
मी अजून घरी सांगितलेल्या नाहीत.
म्हणून ही दुसरी वायर. म्हणून ही रात्र.

मी हाक मारते पलीकडच्या सर्व्हरला.
एक पॅकेट. शंभर. दहा हजार.
पहिला दिवा धापा टाकतो.
दुसरा हाताची घडी घालून उभा,
पंगतीत पाट न मिळालेल्या जावयासारखा.
काउंटर बघते: इकडे लाखांत,
तिकडे सतरा.
सतरा! तेही शेजारधर्माचं,
"आहेस का?" "आहे."
एवढंच.

कॉन्फिग पुन्हा वाचते, ओळीवर बोट ठेवून.
चूक सापडत नाही.
सापडली असती तर बरं झालं असतं.

गेटवरचे दस्तगीरभाई थर्मास घेऊन येतात,
एकेकाळचे पैलवान, कान अजून मुडपलेले.
"काय म्हणतंय यंत्र?"
"एकाच वाटेनं चाललंय सगळं."
"कोण चाललंय?"
"मीच. एकटीच तपासतेय."
ते कपाचा काठ अंगठ्यानं पुसतात.
"मग एकट्या माणसाला दोन वाटा कशाला लागत्यात?"
आणि जातात; बाहेर टँकरचा हॉर्न वाजतोय.

चहा तसाच राहतो हातात.
हे तर मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं:
एका बोलण्याची सगळी पॅकेटं एकाच वाटेने,
मुद्दाम,
मागचा शब्द पुढे जाऊन वाक्य मोडू नये म्हणून.
कोण, कुठून, कुणाकडे, एवढं बघून
राऊटर एकदाच वाट ठरवतो
आणि दिलेला शब्द पाळतो.
मी रात्रभर ओरडले असते
तरी तो एकच आवाज होता.

तपासायचं तर गर्दी हवी.
गर्दी पाचला येते.
मी वाट बघत बसते,
दोन्ही अर्थांनी.

चार पन्नासला पहिलं जागं होतं साळवण.
मग कडगाव. बाजारभोगाव. कोवाड.
म्हशीचं सात-एक, गाईचं तीन-आठ,
कुणाचं चार लिटर, कुणाचं अर्ध्यावर एक माप,
खाते नंबर, फॅट, वेळ.
दुसरा दिवा एकदा लुकलुकतो.
थांबतो.
पुन्हा.
मग थांबतच नाही.

एकसष्ट, एकोणचाळीस.
निम्मं-निम्मं नाही. नसू दे.
साळवण बेळगाववरून जातंय,
आणि कोवाड, बेळगावच्या हाकेवरचं कोवाड,
पुण्याला वळसा घालून.
यात गणित आहे, भूगोल नाही.

आता शेवटचं.
पुण्याच्या वायरीची क्लिप चिमटीत धरते.
दस्तगीरभाई दारात, मला न दिसेल असे.
ओढते.

एक पिंग हरवला.
दुसरा.
तिसरा
आला.
सगळी गावं एका दिव्यात गोळा झाली,
आणि टेबलावरचा फोन
वाजला नाही.
आमच्या कामात शाबासकी ती हीच.

कोवाडच्या सेक्रेटरीला त्या दोन-तीन सेकंदांत
स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र दिसलं असेल.
त्यानं मशीनला एक टपली दिली असेल
आणि रांगेतल्या पुढच्या बाईला म्हणाला असेल,
"हं, ओत."