नऊ मीटरवर

सावद्याबाहेर, फैजपूर रोडला,
केळीचा शेवटचा घड उतरल्यावर
या तुकड्याला कित्येक वर्षांनी ऊन लागलं.
ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवल्यात,
आणि कॉलम उभे राहायच्या आधी
आमची तिपाई उभी आहे.

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटर वर जातो, सुटतो.
भाईदास मोजतो. मी लिहिते.
तीस सेंटीमीटर आत जायला किती ठोके,
एवढाच प्रश्न जमिनीला.
विचारायचे दर मीटरला पैसे पडतात,
म्हणून बरेच जण विचारत नाहीत.

वरचे अडीच मीटर काळी.
तिचं सगळ्यांना ठाऊक:
वैशाखात फाटते, शेळीचा पाय जाईल इतकी,
श्रावणात फुगून दाराची चौकट तिरकी करते.
काल तिचे दहा मिली मी
एका नळीत रॉकेलमध्ये टाकले, एकीत पाण्यात.
रॉकेलमधली होती तेवढीच.
पाण्यातली सकाळी दुप्पट,
जणू रात्री कुणी माहेरचं येऊन गेलं.

खाली पिवळी, गाळाची, चुनखड्यांची.
चौदा. सोळा. चौदा.
नेहेतेशेठ प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर ओला रुमाल.
सात मजले त्यांनी छापूनही घेतलेत,
वर गच्चीत बाग.
आणि नऊ मीटरवर हातोड्याचा आवाजच बदलला,
गादीवर पडावा तसा.
पाच.

भाईदासनं माझ्याकडे पाहिलं.
इथं पुन्हा मोजता येत नाही,
ठोका पडला की ती जागा गेली.
नळी उघडली : बारीक रेती,
तापीच्या कुठल्याशा पुरानं टाकून दिलेली,
मुठीत राहीना.

“चौदा लिहा ना मॅडम,” शेठ म्हणाले,
रागानं नाही, चहा पुढे करत.
“वर चौदा, खाली चौदा, मधल्या एकाचं काय एवढं?
आणि पाणी तर लागलंच नाही तुम्हाला.”

खरंच. वीस मीटरपर्यंत नाही.
दोरीचं वजन धूळ घेऊन वर आलं.
शेजारच्या बोअर पाचशे फुटांखाली हपापतात.
कोरडी रेती निमूट भार घेते.
भूजलाच्या रकान्यात मी लिहिणारच होते
‘आढळले नाही’,
तर बांधावरून लुकमान तडवी आला,
या शिवारातल्या अकरा विहिरी त्याच्या हातच्या.
पलीकडच्या विहिरीशी नेऊन
दगडावरची पांढरी रेघ दाखवली.
“अठी व्हतं पानी. बसल्या बसल्या लोटा भरे मानूस.”
मी टेप सोडला. सव्वातीन मीटर.

पाणी गेलं म्हणजे वारलं नाही.
चार वर्षं बरी गेली, ओढ्याला बंधारे झाले,
की आपली रेघ विचारत परत येईल.
आणि सातपुड्याच्या पायथ्याची जुनी भेग
एखाद्या रात्री कूस बदलेल.
तेव्हा भिजलेल्या रेतीचं ताक होतं,
वर सात मजले झोपलेले.

“हाललं व्हतं एकडाव,” लुकमान म्हणाला,
“मी पोरगा व्हतो. फळीवरचे भांडे वाजले.
माय म्हने, मांजर शे.
पन एवढी मोठी मांजर?”

मी पाच लिहिले.
पाणी : आज आढळले नाही.
हिशेबासाठी सव्वातीन मीटर धरावे,
विहिरीवरील खुणेनुसार.
साक्षीदाराला फॉर्ममध्ये रकाना नाही,
म्हणून समासात, बारीक अक्षरात,
लुकमान तडवी.
पायलिंग रेती ओलांडून खाली न्यावी.
आणखी तीन भोकं घ्यावीत.

शेठनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.
“एका पायलिंगचं किती जातं?”
मी सांगितलं.
बराच वेळ ते रोडकडे बघत बसले,
केळीचे दोन ट्रक गेले रावेरकडे.

मग उठले, खुर्ची सावलीत न्यायला.
ती उचलेना.
चारही पाय काळीत बोटभर रुतलेले,
दोन हातांनी ओढावी लागली.
“दुसरं भोक,” ते म्हणाले, “कुठं घेता?”